हायाबुसाचं इंजिन घरच्या सेव्हनमध्ये बसवताना: आधी रेशो, मग वेल्डिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेस्टरच्या गॅरेजमध्ये लोटस सेव्हन या जुन्या हलक्या, उघड्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीची चॅसी वेल्ड करून तयार आहे. अपघातातल्या पहिल्या पिढीच्या सुझुकी हायाबुसा बाइकचं इंजिन घेतलंय, फोर्ड सिएरा कारचं ३.९२ रेशोचं डिफरन्शियल (शाफ्टची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरचा डबा) स्वस्तात मिळालंय, चाकं १३ इंची आहेत. आता इंजिन कुठे आणि कसं टेकवायचं, रिव्हर्सचं काय करायचं, आणि पुढेमागे कोल्हापूरला परतलात तर गाडी तिकडे चालवता येईल का?

मी इकडे इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये अशा गाड्यांचे शाफ्ट, अडॅप्टर आणि ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) यांची कामं बरीच वर्षं करतोय. त्यामुळे इंजिन कुठे टेकवायचं याच्या आधी दुसरंच सांगतो. बाइकचं इंजिन ज्या वाहनासाठी बनलं ते वळणात कलतं, आणि स्वारासकट त्याचं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास असतं. तुमची गाडी कलणार नाही, आणि दोन माणसं बसली की साडेसहाशे किलोला पोचेल. पुढे ज्या काही अडचणी येतील, त्यातल्या बहुतेक या दोन गोष्टींतून येतात. वजनाचा हिशेब रेशोने सुटतो, न कलण्याचा हिशेब ऑइल चेंबरमध्ये सुटतो. इंजिन ब्रॅकेटवर बसवणं हे त्यामानाने सोपं काम आहे, आणि नेमकं तेच सगळे आधी करायला घेतात.

हे करण्यात अर्थ आहे का, असं कोणी विचारलं तर अर्थ आहे. पीटरबरोची रॅडिकल कंपनी १९९७ पासून बाइकच्या इंजिनांवर रेसिंग गाड्या बनवते आहे. अमेरिकेत शार्लटला १९९२ साली सुरू झालेल्या लेजंड्स गाड्यांत पुढे यामाहाच्या बाइकचं इंजिन असतं आणि तिथून शाफ्ट मागच्या अ‍ॅक्सलला जातो, म्हणजे तुम्ही करताय तीच मांडणी. हायाबुसाचं इंजिन गिअरबॉक्ससकट ऐंशी-नव्वद किलोचं, ताकद १७५ पीएसच्या घरात. फोर्डचं झेटेक हे कारचं इंजिन आणि त्याचा गिअरबॉक्स मिळून याच्या दीडपटीपेक्षा जास्त भरतात आणि ताकद कमी. पण रोज ऑफिसला जायचं असेल, शेजारी बसणाऱ्याशी गप्पा मारायच्या असतील, तर झेटेकच बरं. बाइकच्या इंजिनाला खालच्या आरपीएमला जोर नसतो, ट्रॅफिकमध्ये ते सारखं कुरकुरतं आणि क्लच तापतो. रविवारी पहाटेच्या फेरीसाठी आणि ट्रॅकसाठी मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही, हे माझं प्रामाणिक मत.

आता रेशो. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

पहिल्या पिढीच्या हायाबुसात क्रँक ते क्लच यांच्यातली प्रायमरी घट, म्हणजे फेरे किती पटीने कमी होतात ते प्रमाण, १.५९६, पहिला गिअर २.६१५, सहावा १.०४३. बाइकवर पुढचा स्प्रॉकेट १७ दातांचा, मागचा ४०, म्हणजे शेवटची घट २.३५३. तिघांचा गुणाकार केला की पहिल्या गिअरमध्ये एकूण घट ९.८ येते. बाइकला ती पुरते. तीच घट तुमच्या दुप्पट वजनाच्या गाडीला दिली तर प्रत्येक सिग्नलला क्लच अर्धवट दाबून गाडी ओढावी लागेल, आणि एका उन्हाळ्यात क्लच प्लेटा काळ्या पडतील. नेहमीच्या कारमध्ये पहिल्या गिअरची एकूण घट साधारण १३ ते १४ असते. आपल्यालाही तिथेच पोचायचंय.

तुमच्या मांडणीत स्प्रॉकेट जाणार आणि त्याच्या जागी शाफ्ट येणार, म्हणजे २.३५३ च्या जागी डिफरन्शियलचा रेशो येणार. सिएराच्या डिफरन्शियलमध्ये ३.१४, ३.३८, ३.६२ आणि ३.९२ असे प्रकार मिळतात. १८५/६० आर १३ टायरचा घेर साधारण १.७३ मीटर. १०,००० आरपीएम धरून हिशेब केला तर तुमच्याकडच्या ३.९२ ने पहिल्या गिअरमध्ये ६४ आणि सहाव्यात १५९ किमी वेग येतो. ३.६२ ने ६९ आणि १७३, ३.३८ ने ७४ आणि १८५, ३.१४ ने ७९ आणि १९९. मोटरवेवर ७० मैलांनी, म्हणजे ११३ किमीने जाताना ३.९२ वर इंजिन ७,१०० ला ओरडत राहील. ३.१४ वर ते ५,७०० ला येतं, ३.३८ वर ६,१०० ला.

मी ३.३८ घेईन. पहिल्या गिअरची एकूण घट १४.१ येते, गाडी सहज सुटते, आणि इंग्लंडातल्या बहुतेक छोट्या ट्रॅकांवर १८५ पुरून उरतो. ३.९२ हा रेशो यामाहाच्या आर-वन बाइकसारख्या जास्त फिरणाऱ्या एक लिटरच्या इंजिनाला शोभतो. ज्याच्याकडे आर-वन आहे त्याला तुमचं डिफरन्शियल विका आणि त्या पैशात ३.३८ शोधा. भंगारातून आणलेल्या डिफरन्शियलवरच्या चिठ्ठीवर मात्र विश्वास ठेवू नका. एका बाजूचा फ्लँज घट्ट धरून ठेवा, दुसऱ्या बाजूचा बरोबर दोन फेरे फिरवा, तेवढ्यात पिनियन, म्हणजे शाफ्ट जोडला जातो तो पुढचा गिअर, किती फिरला ते मोजा. तोच रेशो. डिफरन्शियल लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन चाकांना मोकळेपणी वेगवेगळं फिरू न देणारं, असेल तर दोन्ही फ्लँज एकत्र एक फेरा फिरवायचे.

डिफरन्शियल तुटेल ही भीती काढून टाका. हायाबुसाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १३८ एनएम, प्रायमरी आणि पहिला गिअर धरून शाफ्टवर जेमतेम ५७६ एनएम येतो. दोन लिटरची सिएरा स्वतःच पहिल्या गिअरमध्ये साधारण तेवढा देत होती.

आता दिशा. इंजिन नव्वद अंशात फिरवून असं बसवायचं की बाइकची डावी बाजू, म्हणजे स्प्रॉकेटची, गाडीच्या मागे तोंड करेल. क्रँक गाडीच्या लांबीला समांतर होतो. एक्झॉस्ट गाडीच्या डावीकडे येतो, थ्रॉटल बॉडी आणि गिअरबॉक्स उजवीकडे. शाफ्ट उलटा फिरून गाडी मागे जाईल का, असं मला नेहमी विचारतात. नाही जाणार. बाइक पुढे जाताना डावीकडून पाहिलं तर स्प्रॉकेट घड्याळाच्या उलट फिरतो, आणि नेहमीच्या मागच्या चाकांच्या कारचा शाफ्टही मागून पाहिला तर तसाच फिरतो. डिफरन्शियल जसं आहे तसंच बसवा.

याचा एक फायदा फुकटात मिळतो. आउटपुट शाफ्ट (ज्यावर बाइकचा स्प्रॉकेट बसतो तो) टनेलच्या, म्हणजे दोन सीटांमधून शाफ्ट जाणाऱ्या बोगद्याच्या, मध्यावर आणला की क्रँक आणि सिलिंडर आपोआप डावीकडे सरकतात, आणि उजवीकडे बसलेल्या तुमच्या वजनाचा तोल थोडा साधतो. तोटाही आहे. उजव्या हाताच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा त्याच बाजूने खाली उतरतो जिथे गिअरबॉक्स आणि थ्रॉटल बॉडी आहेत. म्हणून ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी स्टिअरिंग कॉलम, पेडल, एअरबॉक्स आणि बॉनेट सगळं जागेवर ठेवून पाहा. इंजिनाचं रिकामं केसिंग मिळालं तर मापं घ्यायला तेच वापरा, ऐंशी किलो दहा वेळा उचलून पाठ मोडून घेऊ नका.

आउटपुट शाफ्टवर बसणारा अडॅप्टर हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा थोडं थांबतो. एका बाजूला बाइकच्या स्प्रॉकेटचे स्प्लाइन (शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या खाचा), दुसऱ्या बाजूला शाफ्टचा फ्लँज, असा तो तुकडा असतो. पुष्कळ जण जुन्या स्प्रॉकेटवरच फ्लँज वेल्ड करतात. स्प्रॉकेट कडक केलेल्या स्टीलचा असतो, वेल्डिंगच्या शेजारी तो ठिसूळ होतो आणि तडकतो. नीट मटेरियलमधून लेथवर काढलेला, स्प्लाइन कापलेला अडॅप्टर घ्या. बसवल्यावर डायल गेज लावून फ्लँज फिरवून पाहा, ०.१ मिमीपेक्षा जास्त डोलत असेल तर परत करा. बाइकच्या त्या बेअरिंगला चेनची ओढ सोसायची सवय आहे, डगमगणाऱ्या शाफ्टचे हादरे सोसायची नाही. गळलेलं तेल क्लचच्या पुशरॉडच्या सीलचं आहे की आउटपुट शाफ्टच्या सीलचं हेही आधीच बघा, कारण दोन्ही एकाच कोपऱ्यात असतात आणि अडॅप्टर बसला की दिसत नाहीत.

शाफ्ट दोन तुकड्यांचा करा, मधे सेंटर बेअरिंग द्या. इंजिन बरंच पुढे असल्यामुळे एकसंध शाफ्ट लांब होतो, आणि सहाव्या गिअरमध्ये १०,००० ला तो ६,००० च्या वेगाने फिरत असतो. लांब बारीक शाफ्ट त्या वेगाला धनुष्यासारखा वाकायला लागतो. एका ठिकाणी सरकणारा स्प्लाइन हवाच, नाहीतर इंजिन रबरावर हललं की सगळा धक्का आउटपुट बेअरिंगला बसतो. क्रॉस जॉइंटांचे कोन दोन्ही टोकांना सारखे आणि दोन-तीन अंशांच्या आत ठेवा. शाफ्ट बॅलन्सिंगला देताना अडॅप्टरसकट द्या.

आणि शाफ्टभोवती स्टीलची कडी. प्रत्येक तुकड्याच्या पुढच्या टोकाजवळ एक, जाड पट्टीची, चॅसीला बोल्ट केलेली. सेव्हनमध्ये टनेल तुमच्या मांडीला आणि कमरेला चिकटून जातो. क्रॉस तुटला तर तो शाफ्ट पातळ अ‍ॅल्युमिनियममधून आत येतो. कड्या नसलेल्या गाडीत मी बसत नाही, मग ती कोणाचीही असो.

फाउंडेशनबद्दल, म्हणजे इंजिन चॅसीला टेकवण्याबद्दल, फार लिहीत नाही. बाइकच्या फ्रेमला जिथे बोल्ट होते तेच वापरा, नवीन भोकं पाडू नका. बाइकमध्ये इंजिन फ्रेमचा भाग म्हणून ताण घेतं, पण तुमच्या चॅसीचा ताण त्याच्यावर टाकायची गरज नाही. कडक रबराचे बुश द्या. सरळ धातूवर धातू बसवलं की हादऱ्यांनी आरशात काही दिसत नाही आणि ब्रॅकेटच्या वेल्डिंगला चिरा पडतात.

तेलाकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त इंजिनं इथेच मरतात. बाइक वळणात कलते, त्यामुळे गुरुत्व आणि वळणाचा जोर मिळून जी दिशा होते ती इंजिनाच्या सरळ खालीच राहते. तेल चेंबरमध्ये जिथल्या तिथे असतं. गाडी सपाट राहते. चांगल्या टायरवर वळणात १ जीचा जोर आला की तेलाची पातळी ४५ अंशांनी तिरकी होते. तेल चेंबरच्या एका भिंतीवर चढतं, पंपाला तेल देणारी गाळणी, म्हणजे स्ट्रेनर, उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. तीन-चार सेकंद पुरतात. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग फिरलं की आवाज ऐकू येईपर्यंत क्रँक गेलेला असतो. तुमच्या जवळच मॅलरी पार्क आहे. तिथलं जेरार्ड्स हे उजवं वळण संपता संपत नाही, आणि गाडी पूर्ण जोरात असते. छोट्या तुटक वळणांवर वर्षभर टिकलेलं इंजिन तिथे पहिल्याच दिवशी जाऊ शकतं.

उपाय पायरीपायरीने आहेत. पहिला, चेंबरमध्ये आडव्या-उभ्या पत्र्याच्या भिंती आणि स्ट्रेनरभोवती आतल्या बाजूला उघडणारी दारं, म्हणजे तेल आत येतं पण बाहेर पळत नाही. हे न करता गाडी सुरूही करू नका. दुसरा, तेलाचा प्रेशराइज्ड साठा, म्हणजे प्रेशर पडलं की स्वतःहून तेल आत सोडणारी टाकी. रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक असा वापर असेल तर भिंती अधिक ही टाकी पुरते. तिसरा, ड्राय सम्प, म्हणजे वेगळा पंप आणि वेगळी टाकी. महाग, पाइपांची गुंतागुंत जास्त, पण रेसिंगच्या गुळगुळीत स्लिक टायरवर धावायचं असेल तर त्याला पर्याय नाही. तुम्हाला आज त्याची गरज नाही.

मूळ चेंबर खोलही आहे. मोजून बघा, तो चॅसीच्या खालच्या नळीच्या खाली लोंबत असेल. इंग्लंडातल्या स्पीड ब्रेकरवर तो फुटायला एक खेप पुरते. उथळ चेंबर बनवून घ्यायचाच आहे, तर भिंती त्यातच घालून घ्या. स्ट्रेनरही तेवढाच आखूड करावा लागतो, आणि त्याच्या तोंडात आणि तळात काही मिलिमीटर मोकळी जागा राहते की नाही हे प्लॅस्टिसिनचा (मऊ खेळण्याच्या मातीचा) गोळा ठेवून तपासा. डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा सुंदर काटा लावाल, लावा, पण वळणात त्याच्याकडे कोण बघतं? प्रेशर पडलं की पेटणारा मोठा लाल दिवा नजरेसमोर हवा.

तेल बाइकचंच घालायचं, जेएएसओ या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलं. गिअरबॉक्स आणि क्लच त्याच तेलात बुडालेले असतात. कारच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लच घसरतो. क्लचला जास्त कडक स्प्रिंगा घाला, आणि पेडलला खाली एक थांबा द्या. पायाचा जोर हाताच्या बोटांपेक्षा कितीतरी जास्त, थांबा नसेल तर क्लचचा सिलिंडर त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला जातो.

रिव्हर्स. इथल्या वाहन नियमांत चार चाकी गाडीचं रिकामं वजन ४१० किलोपेक्षा जास्त असेल तर ती मागे नेण्याची सोय लागते, आणि तुमची गाडी त्याच्या वर जाणार हे नक्की. दोन मार्ग आहेत. शाफ्टच्या मधे बसणारा रिव्हर्स बॉक्स, मजबूत पण महाग आणि जड. त्याची गंमत म्हणजे मागे जायलाही सहा गिअर मिळतात. दुसरा, शाफ्टवर दातांची रिंग आणि तिला फिरवणारी स्टार्टर मोटर. पार्किंगमधून काढायला हे पुरतं. मात्र चढावर मोटर लवकर तापते, आणि बाइकची छोटी बॅटरी त्याला पुरत नाही, कारची घ्या. गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय मोटरला करंट जाणार नाही अशी वायरिंग करा. तुमच्या बजेटमध्ये मी दुसरा मार्ग घेईन.

गिअरचा दांडा पुढे-मागे हलणारा ठेवा, खेचला की वरचा गिअर, ढकलला की खालचा, म्हणजे ब्रेक मारताना हात आपसूक पुढे जातो. केबलपेक्षा सळई बरी, केबल गरम झाली की चिकटते. न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मधे असतं, ते उभ्या गाडीत शोधताना सुरुवातीला वैताग येईल. गाडी थांबायच्या आधीच काढायची सवय लावा.

वायरिंगमध्ये इंजिनासोबत त्याच बाइकची पूर्ण हार्नेस (तारांचा संच), ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि किल्ली घेतली असेल तर अर्धं काम झालं. कापाकापी करू नका. आधी टेबलावर सगळं जोडून इंजिन सुरू करा, मग लाइट-इंडिकेटरच्या नको असलेल्या तारा एकेक काढा. बाइक पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर बाइकमध्ये जसा उभा होता तसाच उभा बसवा, आडवा पडला तर इंजिन सुरूच होणार नाही आणि तुम्ही स्पार्क शोधत बसाल. साइड स्टँड आणि क्लचच्या स्विचांचं सर्किट जोडून पूर्ण करून घ्या. गिअर कोणता आहे हे सांगणारा सेन्सर जोडलेलाच ठेवा. अल्टरनेटर लहान असतो, साधारण चारशे वॉटचा; रेडिएटरचा पंखा, हेडलाइट आणि पेट्रोल पंप एकदम चालू असताना बॅटरीचे व्होल्ट मोजा.

रेडिएटर बाइकचा वापरू नका, छोट्या कारचा घ्या, आणि पाण्याची टाकी सगळ्यात उंच जागी. सायलेन्सर मोठा घ्या, बाइकचा डबा ट्रॅकच्या आवाजाच्या तपासणीत नापास होतो.

गाडी इथे रस्त्यावर आणायला आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देणारी सरकारी तपासणी, लागेल. इंजिनाचं साल सिद्ध करणारी कागदपत्रं आजच जमवा, कारण धुराची कोणती मर्यादा लागू होणार हे त्यावर ठरतं. साल सिद्ध झालं नाही तर नव्या गाडीची कडक मर्यादा लागते.

कोल्हापूरचं म्हणाल, तर तिथे ही गाडी रस्त्यावर चालवायचा विचार सोडा. भारतात नोंदणीसाठी वाहनाच्या नमुन्याची केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचणी लागते, आणि ती पद्धत कारखान्यांसाठी आहे, एकट्या माणसाच्या एका गाडीसाठी नाही. मारुतीत हायाबुसाचं इंजिन टाकून चालवू म्हणणाऱ्यांना गाडीतल्या फेरफारांवर निर्बंध घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. तिथे अशी गाडी फक्त बंदिस्त ट्रॅकवर. पण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात स्प्लाइन कापणारे आणि अ‍ॅल्युमिनियम ओतणारे जे हात आहेत, तसे मला इथे लेस्टरमध्ये शोधावे लागतात. सुट्टीत जाणार असाल तर चेंबरचं ड्रॉइंग सोबत न्या आणि तिथेच ओतून, मशिनिंग करून आणा.

ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी मला तीन मापं पाठवा: आउटपुट शाफ्टच्या मध्यापासून डिफरन्शियलच्या फ्लँजपर्यंतचं अंतर, दोघांच्या उंचीतला फरक, आणि चॅसीच्या खालच्या नळीपासून चेंबरच्या तळापर्यंतचं माप. मग शाफ्टचे तुकडे किती लांबीचे आणि सेंटर बेअरिंग कुठे, ते नक्की सांगता येईल.